मोजक्यांचे दोन शब्द

"तुम्ही नाही बोललात तरी चालेल," असं बायको म्हणाली आणि रिकामा कप उचलून आत निघून गेली. मोजके तिथंच खुर्चीत बसून राहिले. 'बोललंच पाहिजे' असं ती म्हणाली असती तर वाद घालता आला असता. 'बोलू नका' म्हणाली असती तर सुटल्यासारखं वाटलं असतं. पण बायको 'चालेल' म्हणाली की आता काही म्हणजे काही चालणार नाही, हे संसारात मुरलेल्या माणसाला कुणी समजावून सांगावं लागत नाही.

गोष्ट अशी होती. मोजक्यांची बायको बसस्थानकावर निवेदिका होती. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली, कुठली उशिरा येणार, कुणाचं पोर हरवलंय, कुणाची पिशवी सापडलीय, हे सगळं गावाला तिच्या आवाजात कळायचं. आता ती निवृत्त होत होती, आणि त्या निवेदन कक्षाचा एक जुना शिरस्ता होता. निरोपाच्या दिवशी निवृत्त होणाऱ्या निवेदिकेनं तोंड उघडायचं नाही. जन्मभर बोलली, त्या दिवशी फक्त ऐकायचं. तिच्याबद्दल जे दोन शब्द बोलायचे ते तिच्या घरच्या माणसानं. मुलगी लांबच्या गावी, तिला रजा मिळणार नव्हती. म्हणजे घरचं माणूस उरलं एकच.

मागच्या खेपेला बायकोची मैत्रीण निवृत्त झाली तेव्हा तिचा नवरा बोलला होता. शिंपीकाम करणारा साधा माणूस. तो म्हणाला, "ही घरी आली की घर भरल्यासारखं वाटतं." बायकोनं घरी येऊन हे वाक्य मोजक्यांना सांगितलं. मग जेवताना सांगितलं. मग भांडी आवरताना, कुणाला उद्देशून नव्हे, असंच सांगितलं. एरवी घरात ती फारसं बोलत नसे. "साधंच वाक्य आहे," ती म्हणाली, "पण कुणीतरी म्हणालं." आपल्याबद्दल कुणी तरी, एकदा तरी, चारचौघांत काही म्हणावं, एवढीच तिची इच्छा होती, आणि ती पुरी करायची तर मोजक्यांना उभं राहून बोलावं लागणार होतं.

मोजके हे त्यांचं आडनाव नव्हे. ते वजनमापे कार्यालयात होते. दुकानदारांचे तराजू आणि वजनं तपासायची आणि शिक्का मारायचा. या कामाला दोनच वाक्यं लागतात, 'ठीक आहे' आणि 'ठीक नाही', आणि मोजक्यांनी बहुतेक नोकरी पहिल्या वाक्यावर काढली होती. म्हणून कार्यालयानं त्यांना हे नाव दिलं आणि ते गावभर झालं. जाहीर बोलण्याचा त्यांना एकच अनुभव होता. सोसायटीच्या सभेत पाणी कमी येतं म्हणून तक्रार करायला ते उभे राहिले, समोर एवढी तोंडं बघून त्यांची दातखीळ बसली, आणि शेवटी "माझं अनुमोदन आहे" एवढं म्हणून ते खाली बसले. त्या अनुमोदनानं पाणी आणखी कमी करण्याचा ठराव मंजूर झाला. तेव्हापासून इमारतीतले लोक त्यांच्याशी तसे जपूनच वागत.

तरीही सल्ला द्यायला शेजारी कधी मागे राहत नाहीत. जिन्यात भेट झाली आणि मोजक्यांनी चुकून विषय काढला, तेवढं पुरलं. वरच्या मजल्यावरच्या गोड गोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यांना एक पुडी दिली. ही घेतली की भीती जाते, पण घेतल्यावर तासभर बोलायचं नाही, असं पथ्य होतं. भाषण करायचं तर मग कधी, हे विचारायचा मोजक्यांना धीर झाला नाही. तळमजल्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या काकू म्हणाल्या, "समोर माणसं बसलीत असं समजायचंच नाही. कोबीचे गड्डे ठेवलेत असं समजायचं." मोजक्यांनी इतक्या मनापासून तसं समजायचा सराव केला की पुढं कित्येक दिवस भाजीवाल्यापाशी उभं राहिलं तरी त्यांना घाम फुटायचा. बायको म्हणायची, "अहो, घ्या ना एक चांगला बघून," आणि मोजके मान फिरवून भेंडी मागायचे.

त्यात कार्यालयाचा नियम आडवा आला. कर्मचाऱ्यानं जाहीर भाषण करायचं तर आधी परवानगी हवी. मोजक्यांनी अर्ज केला. 'भाषणाचा विषय' या रकान्यात त्यांनी प्रामाणिकपणे 'पत्नी' असं लिहिलं. अर्ज शेरा मारून परत आला. 'सदर विषयाचा कार्यालयीन कामकाजाशी संबंध आहे काय?' मोजक्यांनी 'नाही' असं उत्तर दिलं. तो पुन्हा परत आला. 'संबंध नसल्यास परवानगीचे प्रयोजन काय?' मोजक्यांनी विचार करून 'नियम' असं लिहिलं. यावर साहेबांचं समाधान झालं आणि परवानगी मिळाली. अट एकच, की भाषणात पत्नीविषयी दिलेली माहिती कार्यालयाची अधिकृत भूमिका समजली जाऊ नये.

शेवटी साहेबांच्याच शिपायानं मार्ग सुचवला. टायरच्या दुकानावरच्या माडीवर एक मंडळ भरायचं. ज्यांना चारचौघांत बोलायची भीती वाटते अशी माणसं तिथं येत, आणि बोलून बोलून म्हातारी झालेली माणसं त्यांना शिकवीत. फी नव्हती. प्रत्येक नवख्याला एक अनुभवी पाठीराखा मिळे. तो भाषण लिहून द्यायचा नाही. फक्त सोबत यायचा, ऐकायचा आणि नंतर काय चुकलं ते प्रेमानं सांगायचा. मोजके बायकोला "फिरून येतो" असं सांगून तिथं गेले. खालून टायरच्या रबराचा वास येत होता आणि वर एक तरुण मुलगी स्वतःचं नाव सांगता सांगता रडकुंडीला आली होती. सगळे तिच्याकडे इतक्या मायेनं बघत होते की मोजक्यांना आपण योग्य ठिकाणी आलो असं वाटलं.

त्यांचे पाठीराखे ठरले लिलाववाले. हे गृहस्थ आयुष्यभर जुन्या सामानाचे लिलाव पुकारत आले होते. त्यांचा आवाज असा की ते 'बसा' म्हणाले तर बसलेला माणूस आणखी थोडा बसे. त्यांनी मोजक्यांना उभं केलं, तोंड उघडायला सांगितलं, आणि त्या उघड्या तोंडातून काहीच येत नाही हे बराच वेळ शांतपणे पाहिलं.

"बोलणाऱ्याची माती विकते, मोजके," ते म्हणाले, "न बोलणाऱ्याचं सोनंसुद्धा विकत नाही. पण तुमचा दोष नाही. तुम्हाला श्रोते चुकीचे मिळाले. सोसायटीची सभा म्हणजे सगळ्यात वाईट श्रोते. सत्काराच्या सभेत निम्मे लोक जळत असतात. शाळेच्या सभेत पोरं हसतात. नवख्यानं सुरुवात करावी ती शोकसभेत."

"शोकसभेत?"

"तिथं कुणी हसत नाही. मधेच उठून जात नाही. प्रश्न विचारत नाही. सगळ्यांच्या माना खाली, म्हणजे तुमच्याकडे कुणी बघतसुद्धा नाही. अडखळलात तर लोक समजतात गहिवर आला. गप्प राहिलात तर आणखी मोठा गहिवर. आणि माझ्या वयाला आठवड्याला एखादी तरी असतेच. चला माझ्याबरोबर."

हे बोलणं इतकं व्यवहारी होतं की त्यात काही वावगं आहे हे मोजक्यांच्या लक्षात यायला वेळ लागला. ते म्हणाले, ज्याला मी ओळखत नाही त्याच्याबद्दल काय बोलू? लिलाववाले म्हणाले, मी ओळखतो, वाटेत सांगतो. आणि खरोखरच त्यांनी वाटेत सांगितलं. गेलेला माणूस घड्याळं दुरुस्त करायचा, लोकांचं बंद घड्याळ हातात घेतलं की आधी कानाला लावायचा. मोजक्यांनी ते मनात घोकून ठेवलं.

पण उभे राहिल्यावर सगळं उडून गेलं. समोर हार घातलेली तसबीर होती. तिच्यातला माणूस मान तिरकी करून, काहीतरी ऐकत असल्यासारखा बघत होता. मोजके त्याच्याकडे बघत राहिले. बऱ्याच वेळानं ते "काय बोलणार..." एवढंच म्हणाले, आणि ते अगदी खरं होतं. ते खाली बसले तेव्हा सगळी खोली मुसमुसत होती. घड्याळजीच्या मुलानं येऊन त्यांचे दोन्ही हात धरले. "बाबांचे इतके जवळचे मित्र आम्हाला माहीतच नव्हते," तो म्हणाला. मोजक्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण परत येताना, खोटं कशाला सांगा, त्यांना थोडं बरंही वाटलं. माणसांसमोर उभं राहून ते जिवंत परत आले होते.

दुसऱ्या वेळी ते तीन वाक्यं बोलले. त्यापुढच्या वेळी त्याहून जास्त. 'मनमिळाऊ स्वभाव', 'शेवटपर्यंत कामात', 'कधीही न भरून येणारी पोकळी' ही वाक्यं अशी आहेत की एकदा तोंडात बसली की आपली आपण येतात. आवाज कुठं खाली आणायचा, कुठं थांबून घशाशी आलेलं गिळायचं, हे लिलाववाल्यांनी कौतुकानं शिकवलं. आणि मोजके तो ढंग असे शिकले की लोक विचारू लागले. कुणाकुणाच्या घरून फोन येऊ लागले. एकदा फोन बायकोनं घेतला. पलीकडचा माणूस फार अदबीनं म्हणाला, "मोजकेसाहेब आहेत का? आमचे काका तसे अजून आहेत, पण डॉक्टरांनी आशा सोडलीय. साहेबांचा पुढचा आठवडा मोकळा आहे का, एवढंच विचारायचं होतं."

मोजके संध्याकाळी आले ते पडलेला चेहरा घेऊनच, कारण तो आता सरावानं पडत असे.

"कुणी गेलं का?" बायकोनं विचारलं.

"हो."

"परवाही गेलं होतं."

"हो."

तिनं त्यांच्या पुढ्यात ताट ठेवलं. "तुमचे एवढे मित्र होते हे मला माहीत नव्हतं," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, थोडं दुखावलेपण होतं. मोजक्यांना सगळं सांगून टाकावंसं वाटलं. पण मग निरोपाच्या दिवशी तिला धक्का द्यायचा बेत फसला असता, म्हणून ते मूग गिळून जेवत राहिले.

घोटाळा उघडकीला आला तो माडीवरच. निरोपाचा दिवस जवळ आला तेव्हा लिलाववाल्यांनी मंडळात रंगीत तालीम ठेवली. मोजके उभे राहिले, हात जोडले आणि बायकोवर बोलले. एकदाही अडखळले नाहीत. बोलणं संपलं तेव्हा नाव सांगताना रडणारी ती मुलगी आता वेगळ्या कारणानं रडत होती. मंडळातल्या दुसऱ्या पाठीराख्या, विमावाल्या बाई, डोळे पुसत म्हणाल्या, "फार वाईट झालं हो. किती दिवस झाले बाईंना जाऊन?"

"कुठं जाऊन?" मोजक्यांनी विचारलं. "या वेळी तर ती घरी स्वयंपाक करत असते."

खाली टायरात हवा भरत असल्याचं वरपर्यंत ऐकू आलं. लिलाववाल्यांचा चेहरा उतरला. इतक्या नवख्यांना त्यांनी बोलतं केलं होतं, पण असा प्रसंग आला नव्हता. "चूक माझी आहे," ते म्हणाले. "मी यांना एकाच बाजारात फिरवलं." विमावाल्या बाई म्हणाल्या, शोक काढायचा तर त्यावर हसणं हाच उतारा, आणि त्यांनी मोजक्यांना ताब्यात घेतलं.

त्यांनी अनोळखी माणसाला दारातच हसवून कित्येक विमे उतरवले होते. त्यांनी मोजक्यांना दातात पेन्सिल धरून आरशासमोर उभं केलं. मोजक्यांचा चेहरा हसायला फारसा राजी नव्हता. पेन्सिल काढली की तो आपल्या जागी परत जाई. मग बाईंनी त्यांना सुरुवातीला सांगायला एक विनोद दिला. "म्हणायचं, 'माझं काम वजनं तपासायचं. पण खरं वजन कशाला असतं, तर माझ्या बायकोच्या शब्दाला.' एवढं म्हणून हसायचं. लोक टाळ्या वाजवतात, तुमची भीती जाते, पुढचं आपोआप येतं." मोजक्यांनी तो विनोद कार्यालयात जाता-येता इतका पाठ केला की एका किराणा दुकानदाराच्या तराजूवर शिक्का मारताना त्यांच्या तोंडून तो निघून गेला. दुकानदार हसला नाही. त्यानं घाबरून मुलाला आतून दुसरा तराजू आणायला सांगितलं.

निरोपाचा दिवस उजाडला. समारंभ चालक-वाहकांच्या विश्रांतीच्या खोलीत होता. दोन्ही पाठीराखे मागच्या बाकावर येऊन बसले होते. बायको नवी साडी नेसून, ओठ मिटून पुढं बसली होती. भाड्यानं आणलेल्या माईकनं सुरुवातीलाच अशी किंकाळी फोडली की पुढची रांग मागे सरली, आणि मग तो कायमचा गप्प झाला. तो खटपटी करूनही बोलेना तेव्हा स्थानकाचे नियंत्रक म्हणाले, "घरात विहीर असताना भाड्याचं पाणी कशाला? चला निवेदन कक्षात." आणि सगळी मंडळी शेजारच्या निवेदन कक्षात जाऊन दाटीवाटीनं उभी राहिली.

या कक्षाची रचना सांगितली पाहिजे. टेबल आणि माईक अशा ठिकाणी होते की बोलणाऱ्याचं तोंड काचेकडे व्हावं आणि काचेतून सगळे फलाट दिसावेत. बाकी सगळ्यांना बोलणाऱ्याची पाठ दिसायची. आणि आतला कर्णा चालू केला की बाहेरचे सगळे कर्णे चालू व्हायचे, कारण तार एकच होती. नियंत्रकांनी ते सगळ्यांना सांगितलंही. "ऐकू दे की प्रवाशांना," ते म्हणाले. "त्यांच्याच बाई आहेत." सगळ्यांनी माना डोलावल्या. फक्त मोजके त्या वेळी तोंडावर पाणी मारायला गेले होते, आणि बाहेरचे कर्णे आज बंद असतील असं त्यांनी धरलं होतं.

ते परत आले आणि माईकसमोर उभे राहिले. शेजारी नेहमीच्या खुर्चीत बायको बसली होती. तिनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि नजर खाली वळवली. ती किती आशेनं बसली आहे हे मोजक्यांना त्या एका नजरेत कळलं, आणि त्यांची पाचावर धारण बसली.

"माझं काम वजनं तपासायचं," ते म्हणाले. मागून विमावाल्या बाई उत्साहानं खाकरल्या. "आणि खरं... खरं म्हणजे माझ्या बायकोचं वजन..."

इथं पुढचं उडालं. मोजके थांबले. मागची सगळी मंडळी नकळत बायकोच्या वजनाचा अंदाज घेऊ लागली. मोजक्यांच्या कपाळावर घाम आला, आवाज आपोआप खाली गेला. आणि खाली गेलेला आवाज एकदा त्या वाटेला लागला की पुढची वाट त्यांच्या पायाखालची होती.

"काय बोलणार..." मोजके म्हणाले. "असा मनमिळाऊ स्वभाव पुन्हा होणे नाही. शेवटपर्यंत कामात राहिली. काल संध्याकाळीसुद्धा माझ्याशी हसून बोलली. आज हे असं तिच्याबद्दल बोलावं लागेल असं वाटलं नव्हतं."

मागच्या बाजूला विमावाल्या बाईंनी कपाळाला हात लावला. लिलाववाल्यांनी डोळे मिटले. यातलं एकूण एक वाक्य त्यांनीच घोटून घेतलं होतं. बाकीच्यांना वाटलं, साहेब जरा हळवे आहेत. पण काचेबाहेर वेगळंच चाललं होतं. एका माणसानं खांद्यावरची पिशवी हळूच खाली ठेवली. एका आजीबाईंनी तोंडाला पदर लावला. सुटायच्या बेतात असलेल्या गाडीच्या चालकानं इंजिन बंद केलं, खाली उतरला आणि डोक्यावरची टोपी काढून उभा राहिला. मग त्याच्या शेजारचा उतरला. बघता बघता सगळ्या फलाटांवर माणसं उभी राहिली आणि एकेकाची मान खाली गेली.

मोजक्यांना ते सगळं दिसत होतं, पण कर्ण्यांचं माहीत नसल्यामुळे त्याचा अर्थ लागत नव्हता. त्यांना एवढंच कळलं की समोर खाली घातलेल्या माना आहेत. खाली घातलेल्या माना बघितल्या की त्यांना हल्ली फार धीर यायचा. त्यांचा आवाज स्थिरावला.

"तिच्या जाण्यानं या स्थानकात कधीही न भरून येणारी पोकळी निर्माण झाली आहे," ते म्हणाले. "आणि माझ्या घराचं तर विचारूच नका. इतक्या वर्षांच्या संसारात तिनं कधी आवाज चढवला नाही. कधी काही मागितलं नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे माझ्याबद्दल तिची कधी कसलीही तक्रार नव्हती."

"होती."

शोकसभेत ज्याच्याबद्दल बोलायचं तो मधे बोलत नाही, ही बोलणाऱ्याची केवढी सोय असते हे मोजक्यांना त्या क्षणी कळलं. बायको खुर्चीतून पुढं झुकली होती. माईकपासून किती अंतरावर तोंड धरायचं हे तिला शिकवावं लागत नव्हतं. त्यामुळे तो एक शब्द सगळ्या फलाटांवर, तिकीटखिडकीवर आणि पलीकडच्या रस्त्यावर अगदी स्वच्छ ऐकू गेला.

बाहेर आजीबाई मटकन खाली बसल्या. चालकानं टोपी घातली, पुन्हा काढली आणि गाडीच्या दाराला घट्ट धरलं. आत नियंत्रक बटणाकडे धावले. पण लिलाववाल्यांनी त्यांचा हात मधेच पकडला. "थांबा," ते कुजबुजले. "माणूस आत्ता कुठं बोलायच्या बेतात आहे."

"काय तक्रार?" मोजक्यांनी विचारलं. हे वाक्य त्यांनी कुठंच पाठ केलेलं नव्हतं.

"तुम्ही बोलत नाही," बायको म्हणाली. "माझ्याशी. दिवसभर मी परक्या माणसांना सांगते, बाबांनो, तुमची गाडी इकडे लागलीय, तिकडे लागलीय. घरी येऊन बसते, तर तुम्ही पेपर तोंडापुढं धरून बसलेले. आज कुणाचं वजन खोटं निघालं, एवढंसुद्धा कधी सांगितलं नाहीत. आणि इथं तुमचे इतके मित्र निघाले की ज्यांच्यासाठी तुम्ही जाऊन जाऊन रडलात. उद्यापासून मी दिवसभर घरात असणार. मला भीती वाटते हो."

मोजक्यांनी तोंड उघडलं. नेहमीप्रमाणे काही आलं नाही. पण या वेळी ते खाली बसले नाहीत.

"घसा," ते म्हणाले.

"काय?"

"तुझा घसा. संध्याकाळी तू यायचीस तेव्हा बसलेला असायचा. मी काही बोललो तर तुला उत्तर द्यावं लागेल. म्हणून मी गप्प बसायचो."

"इतकी वर्षं?"

"हो."

"मला एकदा विचारायचं तरी!"

"विचारलं असतं तर उत्तर द्यावं लागलं असतं ना तुला."

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. मग बायको हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले, आणि तिनं ते सगळ्यांदेखत नव्या साडीच्या पदरानं पुसले. मोजक्यांना ते मित्र कोण होते आणि आपण तिथं कशासाठी जात होतो हे सांगायचं होतं. पण तेवढ्यात कुणीतरी काच वाजवली. बाहेर गर्दी काचेला नाकं लावून उभी होती. बाई गेल्या की आहेत यावर आपसांत वाद चालले होते, आणि गाड्या खोळंबल्या होत्या. "अहो, कुणीतरी घोषणा करा," नियंत्रक रडकुंडीला येऊन म्हणाले. "बाईंच्या जागी आलेली नवी मुलगी तर रडत बसलीय."

बायकोचा हात सवयीनं माईककडे गेला. मग तिला शिरस्ता आठवला. तो एकदा तर मोडून झालाच होता. तिनं हात मागे घेतला, आपल्या ओठांवर ठेवला आणि दुसऱ्या हातानं माईकची दांडी मोजक्यांकडे वळवली. आता कर्णे कुठं कुठं वाजताहेत हे मोजक्यांना कळलं होतं. त्यांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. मान वर करून त्यांनी बाहेर बघितलं. इतकी माणसं त्यांनी जन्मात एका वेळी बघितली नव्हती, आणि या वेळी एकाचीही मान खाली नव्हती.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावं," मोजके म्हणाले. आवाज त्यांचाच होता, थोडा चिरका, वजनं तपासणाऱ्या माणसाचा. "माझी बायको जिवंत आहे. ती माझ्या शेजारी बसली आहे. तिची माझ्याबद्दल तक्रार आहे आणि ती खरी आहे. उद्यापासून ती घरी असणार आहे. मला तिच्याशी बोलायचं आहे. पुष्कळ बोलायचं आहे. खोळंबलेल्या गाड्यांनी आता निघायला हरकत नाही."

ते बटण बंद करायला वाकले. बायकोनं त्यांचं मनगट धरलं. माईकपासून तोंड बाजूला घेऊन ती हळूच म्हणाली, "दोनदा."

"काय?"

"घोषणा दोनदा करायची असते. पहिल्या वेळी कुणाचं लक्ष नसतं."

मोजक्यांनी माईक पुन्हा जवळ घेतला. या वेळी त्यांनी काचेबाहेर पाहिलं नाही. तिच्याकडे बघत त्यांनी सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगितलं, आणि बाहेर एकेक गाडी सुरू होऊ लागली.